युफोर्बिया कोल्हापुरात जगवायचा तर

माझा पहिला युफोर्बिया जुलैत गेला. दुसरा पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये. तिसरा वाचला, आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य होतं. त्या पावसाळ्यात मी दीड महिना माहेरी गडहिंग्लजला होते आणि जाताना कुणाच्या पायाला काटे लागू नयेत म्हणून कुंडी जिन्याखाली सारून गेले होते. पाणी कोण घालणार? घरात कुणाला आठवणही नव्हती. परत आले तेव्हा झाडावर चार पानं होती, पण खोड दगडासारखं घट्ट. दसऱ्यानंतर उन्हात ठेवलं आणि दिवाळीत त्याला फुलं आली.

तेव्हापासून गच्चीवर या झाडाच्या बावीस कुंड्या झाल्यात. ओळखीचे लोक रोप घेऊन जातात आणि पहिल्या पावसाळ्यातच "पानं पिवळी पडायला लागलीत गं" म्हणून फोन करतात. प्रत्येकाला तेच सांगायचं, त्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

झाड तुम्ही पाहिलेलं असणारच. बँकेच्या दारात, सोसायटीच्या गेटपाशी, रस्त्याच्या दुभाजकात असतं. बोटाएवढं करडं खोड, त्यावर खच्चून काटे, टोकाला पानांचा झुबका आणि त्यातून वर आलेली लाल, गुलाबी किंवा फिकट पिवळी जोडफुलं. पूर्ण नाव युफोर्बिया मिली. नर्सरीत कुणी 'क्राऊन ऑफ थॉर्न्स' म्हणतं, कुणी नुसतं 'काट्याचा युफोर्बिया'. मूळचं हे मॅडागास्कर बेटावरचं. मिलियस नावाचा फ्रेंच अधिकारी रियुनियन बेटाचा गव्हर्नर होता. त्याने १८२१ साली हे झाड फ्रान्सला नेलं, आणि १८२६ मध्ये त्याच्या नावावरून 'मिली' असं नामकरण झालं. आपला शेर आणि नाताळात दिसणारा लालपत्ता याच कुळातले. लालपत्त्यासारखंच इथेही ज्याला आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर रंगीत पानं असतात. खरं फूल म्हणजे मधला बारीकसा ठिपका. म्हणून तर ही 'फुलं' कोमेजायला आठवडे लागतात.

कोरड्या, खडकाळ जमिनीत वाढायची सवय असलेलं झाड आपण पंचगंगेच्या खोऱ्यात आणून ठेवतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

१. रोप आणण्याआधी चिकाबद्दल घरात सांगा

हे मी मुद्दाम पहिलं घेतलंय. फांदी मोडली, पान तुटलं की पांढरा चीक येतो. तो विषारी आहे. त्वचेला लागला तर आग होते, लाली येते. डोळ्यात गेला तर फार वाईट. पोटात गेला तर उलट्या, तोंडाची जळजळ.

पहिल्या छाटणीच्या वेळी मी हातमोजे घातले होते. सगळं व्यवस्थित झालं आणि शेवटी त्याच मोज्याच्या मनगटाने कपाळावरचा घाम पुसला. दहा मिनिटांत उजवा डोळा पेटला. कुणी म्हणालं गुलाबपाणी घाल, कुणी म्हणालं दूध घाल. यातलं काहीही घालू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा पंधरा मिनिटं धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना झाडाचं नाव सांगा किंवा मोबाईलवर फोटो दाखवा. माझे दोन दिवस अंधाऱ्या खोलीत गेले.

हाताला लागलेला चीक नुसत्या पाण्याने जात नाही, साबण लागतो. घरात रांगतं मूल किंवा झाडं चावणारं कुत्र्याचं पिल्लू असेल तर अजून दोन वर्षं थांबा, झाड कुठे पळून जात नाही.

चिकाइतकाच घरात गाजणारा दुसरा विषय वास्तूचा. "काट्याचं झाड दारात नको" हे आमच्या सासूबाईंचंही म्हणणं होतं. मी त्यांना सांगितलं की थायलंडमध्ये याला आठ चिनी सिद्धपुरुषांच्या नावाने ओळखतात आणि एका घोसात आठ फुलं आली की घराचं भाग्य उजळतं असं तिथले लोक मानतात. आता रोज सकाळी त्याच फुलं मोजतात. कुंड्या मात्र दारात नाहीत, गच्चीवरच आहेत. तेवढी तडजोड मी केली.

२. काय काय जमवायचं

- जाड रबरी किंवा चामड्याचे हातमोजे. कापडी चालत नाहीत, काटा आरपार जातो आणि चीकही.
- चष्मा. नंबरचा नसेल तर गाडीवर घालायचा साधा गॉगल.
- धारदार कात्री किंवा कटर, आणि ते पुसायला स्पिरिट. चीक वाळला की पाती चिकटतात.
- जुनी वर्तमानपत्रं, भरपूर. रोप धरायला, फांद्या गुंडाळायला, जमिनीवर पसरायला.
- तळाला मोठं भोक असलेली मातीची कुंडी, आठ ते दहा इंची, उथळ असली तर उत्तम.
- तांबडी माती, विटांचा चुरा, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), जुनं कुजलेलं शेणखत.
- बांबूची बारीक काडी. ही सगळ्यात महत्त्वाची, कशाला ते पुढे येईल.

कुंडी मातीचीच का? तिच्या अंगातून पाणी झिरपून उडून जातं. प्लॅस्टिकच्या कुंडीत तेच पाणी मुळांपाशी बसून राहतं. फक्त गणपतीच्या आधी दोन-तीन महिने कुंभार गल्लीत जाऊन कुंडीचं नाव काढू नका. तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि कुणाला वेळही नसतो.

३. रोप निवडताना फुलांकडे बघू नका

मीही फुलांना भुलूनच पहिलं रोप घेतलं होतं. घरी आणून पिशवी फाडली तर बुंधा मऊ आणि आत नुसता ओला कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा. नर्सरीवाल्याकडे परत गेले तर "तुम्ही पाणी जास्त घातलं असेल" म्हणाला. आणून तास झाला नव्हता!

तर आधी बुंधा बघा. मातीला लागून खोड बोटाने हलकेच दाबायचं. कडक लागलं पाहिजे. थोडं जरी दबलं, तिथे काळपट डाग दिसला, तर फुलं कितीही असोत, ठेवून द्या. खालच्या खोडाला पानं नसली तर घाबरू नका, ते स्वाभाविक आहे. या झाडाला पानं नव्या वाढीवरच येतात आणि जुन्या जागी परत फुटत नाहीत.

नर्सरीत ढोबळ दोन प्रकार मिळतात. एक जुना, बारीक पानांचा, बारीक फुलांचा, काटे भरपूर. दुसरा थाई संकरित, जाड खोड, मोठी पानं, रुपयाच्या नाण्याहून मोठी फुलं. नवख्या माणसाने जुना घ्यावा असं माझं मत आहे. थाई प्रकार दिसायला देखणा, पण माझ्याकडे पावसाळ्यात आधी तोच रडतो.

घ्यायचं ते दिवाळीनंतर ते एप्रिलच्या दरम्यान. जूनमध्ये वृक्षारोपणाचा उत्साह सगळीकडे असतो, पण तो या झाडासाठी नाही.

४. माती: इथेच निम्मी लढाई

आपल्याकडची उसाच्या रानातली काळी माती म्हणजे सोनं, पण या झाडासाठी नव्हे. ती पाणी धरते, चिकट होते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. गावाकडून पोतंभर आणली असेल तर गुलाबाला वापरा.

माझं प्रमाण असं: दोन भाग तांबडी माती, दोन भाग विटांचा चुरा, एक भाग क्रश सँड, एक भाग जुनं शेणखत. विटांचा चुरा वीटभट्टीवर किंवा कुठे बांधकाम चालू असेल तिथे मागितला तर फुकट मिळतो. हरभऱ्याएवढे तुकडे ठेवायचे, पीठ चाळून टाकायचं. क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी फार असते. ती तशीच घातली तर सिमेंटसारखी बसते. बादलीत घेऊन गढूळपणा जाईपर्यंत तीन-चार पाणी धुवायची.

तांबड्या मातीवरून आठवलं. आमच्या गल्लीतल्या एका हौशी पैलवानाने प्रेमाने तालमीच्या हौद्यातली जुनी माती दोन पाट्या आणून दिली होती. रंग काय सुंदर! पण ती माती वस्त्रगाळ चाळलेली असते आणि तेल, ताक, हळद घालून मळलेली असते. कुंडीत घातली आणि पाणी वरच तळं करून बसलं. अंगाला लावायची माती ती, झाडाला काय कामाची?

कुंडी भरल्यावर, रोप लावायच्या आधी, एक मग पाणी ओता. मनात दहा आकडे मोजेपर्यंत तळातून पाणी यायला लागलं पाहिजे. नाही आलं तर कुंडी रिकामी करा आणि विटांचा चुरा वाढवा. कंटाळा करू नका.

५. लावणी

रोपाला वर्तमानपत्राच्या घडीचा पट्टा गुंडाळा आणि त्याला धरून उचला. पिशवीतला कोकोपीट हलक्या हाताने जमेल तेवढा झाडून काढा. मुळाभोवती ओला गोळा तसाच राहिला तर बाहेरची माती कितीही चांगली असो, उपयोग नाही. खोड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच आताही जाऊ द्या, खोल पुरू नका. वरून बोटभर खडीचा थर द्या, म्हणजे बुंध्याशी ओल राहत नाही.

आणि आता सगळ्यात अवघड काम: चार दिवस पाणी घालायचं नाही. लावणीत मुळं दुखावलेली असतात, त्या जखमा सुकू द्यायच्या. आपल्याला रोप लावलं की तांब्याभर पाणी घातल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला माहीत आहे.

जागा दिवसात किमान पाच-सहा तास उन्हाची हवी. कोल्हापूरचा मे महिना याला काही करत नाही. सावलीत झाड जगतं, पण लांबुळकं होतं आणि फुलत नाही.

६. पाणी काडीला विचारून

ठरावीक वार धरून पाणी घालू नका. बांबूची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. माती चिकटून आली, काडी गार लागली, तर पाणी नाही. कोरडी खडखडीत आली तर भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि खालची ताटली ओतून टाका. खरं तर ताटली ठेवूच नका.

माझ्या गच्चीवर हे उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी येतं, थंडीत आठ-दहा दिवसांनी. तुमच्याकडे वेगळं येईल. एप्रिल-मेमध्ये वळीव झाला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पानं किंचित मलूल दिसणं म्हणजे तहान. पण पानं पिवळी पडणं आणि त्याच वेळी माती ओली असणं, हे तहान नव्हे. बहुतेक लोक इथेच फसतात. पिवळं पान बघून अजून पाणी घालतात आणि झाडाचा शेवट करतात.

७. मृग ते दसरा

जिल्ह्यात पावसाचं गणित तालुक्यागणिक बदलतं. गगनबावड्याला धो धो, शिरोळला जेमतेम, शहर मधे. शिरोळ, हातकणंगलेकडे घर असेल तर पत्र्याच्या कडेला ठेवूनही भागेल. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे असाल तर चार महिने झाड पूर्ण छपराखाली हवं, त्याला पर्याय नाही. शहरासाठी मी करते ते असं.

छाटणी, कुंडी बदलणं, जे काही कापाकापीचं असेल ते एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकते. ताजी जखम घेऊन झाड पावसाळ्यात गेलं की तिथूनच कुजायला सुरुवात होते.

मे संपता संपता जागा ठरवते. आपल्याकडे झड पश्चिमेकडून येते, त्यामुळे पश्चिमेची बाल्कनी वरून छप्पर असूनही ओली होते. पूर्व किंवा दक्षिण-पूर्व भिंतीला लागून, वर पत्रा, बाजूने वारा, अशी जागा शोधा. वारा हवाच. बंद, कोंदट खोलीत खोडावर बुरशी धरते.

मृग निघाला की सगळ्या कुंड्या आत. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा, म्हणजे तळाचं भोक मोकळं राहतं आणि फरशीवरचं पाणी वर चढत नाही. पावसाळाभर पाणी दोन आठवड्यांतून एकदा, तेही काडीने होकार दिला तर, एक पेलाभर. हवेतच इतकी ओल असते की माती सुकायला वेळ लागतो. खत बंद.

पानं गळतील. निम्मी, कधी पाऊण. गळू द्या. बुंधा कडक आहे ना, एवढंच दर आठवड्याला बोटाने बघत राहा.

मग श्रावण येतो. ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो, चार दिवस लख्ख ऊन पडतं आणि आपल्याला वाटतं, बिचाऱ्याला जरा ऊन दाखवू. माझा दुसरा युफोर्बिया याच दयेपोटी गेला. सकाळी बाहेर ठेवला, दुपारी मी बाजारात, चारला सर आली, आणि मी तीन दिवस 'उद्या आत घेऊ' म्हणत राहिले. परतीचा पाऊस ऑक्टोबरातही गाठतो, म्हणून दसरा होईपर्यंत हात आवरा. नंतरही एकदम कडक उन्हात नको. आठवडाभर सकाळचं ऊन, मग पूर्ण. चार महिने सावलीत राहिलेली पानं थेट उन्हाने करपतात.

जमिनीत लावायचा हट्ट असेल तर दीड-दोन फुटांचा उंचवटा करून त्यावर लावा, मातीत खडी घाला, आणि हिरवळीपासून दूर ठेवा. हिरवळीचं रोजचं पाणी त्याला मारून टाकतं.

८. खत आणि कीड

खत थोडकं. दिवाळीनंतर आणि फेब्रुवारीत मूठभर जुनं शेणखत, चमचाभर हाडांचं खत, पुरे. युरियाच्या जवळपास फिरू नका. पानं टोपलीभर येतील, फुलं मात्र नाहीत.

कीड म्हणजे मुख्यतः पिठ्या ढेकूण, पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस धरल्यासारखा. इथे एक सापळा आहे. आपण सगळ्या झाडांवर साबणाचं पाणी मारतो, पण या झाडाला साबण सोसत नाही, पानं डागाळतात. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून काडीने एकेक ढेकूण पुसून काढा. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून बसा. कडुनिंबाचं तेल मारायचंच असेल तर आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा, आणि ऊन उतरल्यावरच.

गोगलगाईंचा मला याच्यावर त्रास झालेला नाही. या चिकाने गोड्या पाण्यातल्या गोगलगाई मारण्याचे प्रयोग ब्राझीलमध्ये झालेत, हे वाचलं तेव्हा त्या माझ्या कुंड्यांकडे का फिरकत नसाव्यात याचा अंदाज आला.

९. फांदीपासून नवं रोप

फेब्रुवारी ते एप्रिल. चष्मा, मोजे, आणि घाम पुसायला वेगळा रुमाल खांद्यावर.

चार इंचाची निरोगी फांदी कापा. कापलेलं टोक लगेच पाण्यात बुडवा, चीक थांबतो. झाडावरच्या जखमेवरही पाण्याचा हात फिरवा. टोकाची चार पानं ठेवून बाकीची काढा आणि फांदी सावलीत, वर्तमानपत्रावर, पाच ते सात दिवस नुसती पडू द्या. कापलेल्या जागी कोरडी खपली धरली पाहिजे. ओली फांदी मातीत खोचली तर ती कुजते. हे दहातल्या नऊ जणांकडून होतं, माझ्याकडूनही झालंय.

मग दीड इंच खोल, जवळजवळ कोरड्या मातीत खोचा. पहिलं पाणी आठवड्याने, पेलाभर. ऊन सौम्य. दीड-दोन महिन्यांनी हलकेच ओढून बघा, प्रतिकार जाणवला की मुळं धरलीत. रोज उपटून बघणाऱ्यांची रोपं धरत नाहीत.

जिथे फांदी कापली तिथे खालून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात आणि फुलं नव्या वाढीवर येतात. म्हणजे रोप हवं नसलं तरी वर्षातून एकदा शेंडे मारायलाच हवेत.

उरलेल्या फांद्या घंटागाडीत मोकळ्या टाकू नका. गोळा करणाऱ्या माणसाच्या हातात काटाही जातो आणि चीकही. वर्तमानपत्रात जाड गुंडाळा, दोरी बांधा, आणि देताना तोंडाने सांगा. जाळूही नका.

१०. कुजायला लागलंच तर

बुंधा मऊ झाला की खालचं झाड गेलं असं समजा, पण वरचं वाचतं. कुजलेल्या भागाच्या वर आडवा काप घ्या आणि आतली चकती बघा. पूर्ण पांढरी-हिरवट आणि चीक वाहतोय, तर ठीक. मधे तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर इंचभर वर पुन्हा कापा. प्रत्येक कापाआधी कात्री स्पिरिटने पुसा, नाहीतर रोग तुम्हीच वर नेताय. कुणी जखमेला हळद लावतं, कुणी राख. मी दोन्ही करून बघितलं, फरक दिसला नाही.

स्वच्छ चकती मिळाली की त्या फांदीचं नवव्या पायरीसारखंच करायचं. पावसाळ्यात मात्र ती सुकवायला सात दिवस पुरत नाहीत, दहा-बारा लागतात. मी अशा फांद्या फ्रिजच्या मागे, जिथे थोडी ऊब असते तिथे, वर्तमानपत्रावर ठेवते. मुलांचा हात पोचणार नाही अशी जागा हवी. जुनी माती फेकून द्या, कुंडी घासून चार दिवस उन्हात तापवा. ऊन नसेल तर उकळतं पाणी ओता.

गेल्या ऑगस्टमध्ये शेजारच्या वहिनी असंच बुंधा गेलेलं झाड घेऊन आल्या होत्या. चार काप घेतल्यावर बोटभर फांदी उरली. ती तेरा दिवस फ्रिजच्या मागे होती. आता तिला सहा पानं आहेत. फूल अजून नाही. वहिनी रोज विचारतात, पाणी घालू का?